हो म्हण, पण मुदत ठरवून

प्रिय ताई,

शाळेत असताना एका एक्स्चेंज कार्यक्रमातून मी एक शैक्षणिक वर्ष परदेशात राहिले. राहणं, शिकणं, प्रवास, सगळं शिष्यवृत्तीवर. परत येऊन सहा वर्षं झाली आणि आता नुकतीच नोकरीला लागले आहे. मागच्या महिन्यात कार्यक्रमाच्या कार्यालयातून फोन आला. आमच्या भागातल्या माजी विद्यार्थ्यांची लोकल लीडर म्हणून मी काम बघावं, असं त्यांचं म्हणणं आहे. काम स्वयंसेवी, मानधन नाही.

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर साठेक जण आहेत. वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे तिथे काही होत नाही. कुठला कार्यक्रम ठरवला तर पाच-सहा जण येतात. आधीचा लीडर खूप धावपळ करायचा. एकदा त्याने मोठं स्नेहसंमेलन घेतलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, कुणाशी काही न बोलता, ग्रुप सोडला.

नाही म्हणायला अपराधी वाटतं, कारण त्या वर्षाने मला खूप दिलं. हो म्हणायला भीती वाटते. ग्रुपमध्ये माझ्याहून वयाने आणि हुद्द्याने मोठी माणसं आहेत, ती माझं का ऐकतील? आई म्हणते, लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजतेस? आणि आणखी एक. माझी मावसबहीण पुढच्या वर्षी याच कार्यक्रमासाठी अर्ज करणार आहे. मी लीडर झाले तर तिचं काम सोपं होईल, असं घरच्यांना वाटतं. काय करू?

– द्विधा मनःस्थितीतली

प्रिय मुली,

माझं मत आधीच सांगून टाकते: हो म्हण. पण एका वर्षासाठी, तसं लेखी कळवून, आणि सोबतीला दुसरं एक माणूस घेऊन. या दोन गोष्टी मान्य होत नसतील तर नाही म्हण, आणि मनाला लावून घेऊ नकोस.

अपराधीपणाचं आधी बोलू, कारण मला खरी काळजी त्याची वाटते. तुझ्या पत्रात नोकरीच्या वेळांपेक्षा हा शब्द मला जड वाटला. शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे आयुष्यभराचं देणं लागलो, अशी समजूत अनेक परतलेल्या मुलांची असते. देणं फेडायचं म्हणून जो काम अंगावर घेतो, त्याला कधी थांबायचं तेच कळत नाही. कितीही केलं तरी कमीच वाटतं, आणि एक दिवस तो थकून निघून जातो. या कार्यक्रमांचा इतिहास बघ. अमेरिकेचा फुलब्राइट शिष्यवृत्ती कार्यक्रम 1946 साली सुरू झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशात पडून राहिलेलं सैन्याचं सामान विकून येणाऱ्या पैशातून. केनेडी-लुगर यूथ एक्स्चेंज अँड स्टडी हा शाळकरी मुलांचा कार्यक्रम आला 2001 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेवर झालेल्या हल्ल्यांनंतर. दोन्हींमागची अपेक्षा एकच होती, की एका देशातल्या माणसाने दुसऱ्या देशातल्या घरात, वर्गात वावरावं आणि परत जाऊन आपल्या माणसांत राहावं, म्हणजे पुढे दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांविषयी काही तरी खरं माहीत असेल. ते तू गेली सहा वर्षं करतेच आहेस. तुझ्या वर्गात, कार्यालयात कुणी त्या देशाबद्दल ऐकीव काही बोललं की तू आपसूक सांगत असशील, 'अगं, तसं नाही ते.' तेव्हा लीडर व्हायचं असेल तर हे काम करावंसं वाटतं म्हणून हो. कर्ज फेडायला नको.

आता काम काय आहे ते. कार्यालयाकडून तुला एक यादी येईल: भेटीगाठी, सेवा प्रकल्प, नव्या मुलांसाठी माहितीसत्र, तीन महिन्यांनी अहवाल. यादी वाचून छाती दडपते. मी स्वतः असं काम केलं आहे, आणि माझं ठाम मत असं झालंय की त्या यादीत न लिहिलेली एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. यंदा परत आलेल्या मुलांना गाठणं.

परतीचा काळ किती अवघड असतो हे बाहेरच्यांना कळत नाही, आणि परतलेल्याला सांगता येत नाही. स्वेर्रे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने 1955 साली, फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला जाऊन आलेल्या 200 नॉर्वेजियन लोकांचा अभ्यास मांडला. सुरुवातीला सगळं छान, मग काही महिन्यांनी एकटेपणा, मग हळूहळू सावरणं, असा त्यांचा प्रवास त्याला दिसला. पुढे 1963 मध्ये जॉन आणि जीन गलाहॉर्न या अभ्यासकांनी दाखवलं की मायदेशी परतल्यावरही हाच चढउतार पुन्हा होतो. सगळ्यांच्या बाबतीत हे जसंच्या तसं घडत नाही, असंही नंतरच्या संशोधकांनी म्हटलं आहे, आणि ते बरोबरच आहे. पण परत आलेली मुलं जवळून पाहिलीस तर गलाहॉर्नना काय म्हणायचं होतं ते लगेच समजेल.

तुझं स्वतःचं आठवून बघ. विमानतळावर सगळे घ्यायला आलेले असतात, आठवडाभर कौतुक चालतं. मग शाळा सुरू होते. बरोबरीची मुलं एक वर्ष पुढे गेलेली असतात, जुन्या मैत्रिणींच्या गप्पांत ज्या प्रसंगांवर हशा पिकतो ते आपण पाहिलेलेच नसतात. बोलताना 'तिकडे ना...' अशी सुरुवात झाली की समोरच्या दोघी एकमेकींकडे बघतात, हे त्या मुलीला दिसतं. दोनदा दिसलं की ती तिकडचं बोलणं बंद करते. रात्री उशिरा होस्ट बहिणीला, म्हणजे तिकडे ज्या घरी राहिली तिथल्या मुलीला, व्हिडिओ कॉल करते, पण तिचीही शाळा असते, ती घाईत असते. आईवडिलांना वाटतं पोरगी बदलली, गर्विष्ठ झाली. तिला वाटतं आपण कुठल्याच घरच्या राहिलो नाही. हे सगळं पंधरा-सोळाव्या वर्षी.

अशा मुलीला त्या महिन्यांत एक फोन आला, आणि पलीकडचं माणूस म्हणालं की 'मीही जाऊन आलेय, मला पहिले काही महिने फार जड गेले, तुझं कसं चाललंय?' तर त्या एका फोनने जे होतं ते कुठल्याही संमेलनाने होत नाही. म्हणून परतणाऱ्यांची नावं आणि तारखा कार्यालयाकडून आधी मागून घे. पहिल्या आठवड्यात फोन करू नकोस, तेव्हा त्यांना कुणाची गरज नसते. महिना-दीड महिन्याने कर, आणि मग पुन्हा दोनेक महिन्यांनी. 'कसा होता अनुभव?' असं विचारलंस तर 'मस्त' एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा विचार, 'तिथलं रोजचं काय आठवतं गं?' बसचा थांबा, होस्ट आजोबांची बसायची खुर्ची, शेवटच्या तासाची घंटा, असलं काहीतरी निघतं आणि मग तासभर बोलणं चालतं. तू फक्त ऐक. आणि बोलण्यातून असं जाणवलं की ती जेवत-झोपत नाही, किंवा जगणंच नकोसं झाल्यासारखं बोलते, तर स्वतःच समुपदेशक व्हायला जाऊ नकोस. त्याच दिवशी तिच्या पालकांना आणि कार्यालयातल्या जबाबदार व्यक्तीला कळव. हे गुपित ठेवायचं नसतं, आणि तू ते ठेवणार नाहीस हे तिलाही मोकळेपणाने सांग.

ग्रुप निपचित पडलाय, त्याचं मात्र मनावर घेऊ नकोस. साठ जणांना हलवायचं हे ध्येयच चुकीचं आहे. कुणाचं लग्न झालंय, कुणी गाव बदललंय, कुणासाठी ते वर्ष मागे पडलंय, आणि मागे पडू देण्याचा त्यांना हक्क आहे. येणारे पाच-सहा जण हाच तुझा गट. एएफएसची, म्हणजे अमेरिकन फील्ड सर्व्हिसची, गोष्ट तुला ठाऊक असेल. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात जखमींना रुग्णवाहिकेतून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची ती संघटना. दुसरं महायुद्ध संपल्यावर, 1946 मध्ये, या परतलेल्या चालकांनी एकत्र येऊन ठरवलं की आता शाळकरी मुलांची देवाणघेवाण करायची, आणि पुढच्याच वर्षी मुलं येऊही लागली. म्हणजे जगातला एक मोठा एक्स्चेंज कार्यक्रमच मुळात परत आलेल्या स्वयंसेवकांनी उभा केला. युद्धात गाडी चालवलेला प्रत्येक जण काही त्या कामात पुढे राहिला नसेल. ज्यांना राहावंसं वाटलं त्यांच्या जोरावर ते चाललं.

ग्रुपवर 'सर्वांना नमस्कार, येत्या रविवारी भेटू या, कृपया प्रतिसाद द्यावा' असा संदेश टाकलास तर कुणी हलणार नाही, कारण सर्वांना म्हटलं की कुणालाच म्हटल्यासारखं होत नाही. एकेकाला वेगळं लिही. 'दादा, तुम्ही अमुक वर्षी गेला होतात ना? यंदा त्याच राज्यात एक मुलगी चालली आहे, थंडीच्या कपड्यांबद्दल तिला फार प्रश्न आहेत. शनिवारी संध्याकाळी वीस मिनिटं बोलाल का तिच्याशी?' या निरोपाला नाही म्हणणं कठीण असतं.

मोठी माणसं तुझं का ऐकतील, याचंही उत्तर यातच आलं. त्यांना तुझं ऐकायला लावायचंच नाहीये. ज्येष्ठांकडे नेमकं, छोटं आणि त्यांनाच जमेल असं काम मागायचं. वकील असेल त्याला एखादं पत्र तपासायला दे, शिक्षिका असेल तिला सत्र घ्यायला बोलाव, कार्यालयात मोठ्या पदावर असेल त्याच्याकडे बैठकीसाठी खोली माग. 'मार्गदर्शन करा' असं मोघम म्हटलंस की भाषण मिळेल. काम झालं की आठवणीने आभार मान, त्या आभारात काय झालं ते सांग: 'तुमच्याशी बोलल्यावर तिची आई निर्धास्त झाली.' पुढच्या वेळी ते स्वतःहून विचारतील.

त्या आधीच्या लीडरला फोन कर. हो म्हणायच्या आधी कर. त्याने ग्रुप सोडला म्हणजे तो नाराजच आहे असं गृहीत धरू नकोस, बहुधा तो दमला असेल आणि त्याला कुणी 'दमलास का रे?' असं विचारलंही नसेल. त्याला दोष न देता, काय जड गेलं ते विचार. मोठं स्नेहसंमेलन एकट्याच्या बळावर उभं केलेल्या माणसाची कहाणी बहुतेक सारखी असते. जागा, माइक, पाहुणे, निमंत्रणं, सगळं त्याच्याकडे, आणि बाकीचे ऐनवेळी येऊन फोटो काढून गेलेले. म्हणून सांगते, तुझ्या वर्षात संमेलन नको. कार्यालयाने मागे लकडा लावला तरी नको. लहान भेटी ठेव, दोन तासांच्या, आणि शक्यतो ठरलेल्या दिवशी, म्हणजे दर वेळी तारीख जुळवत बसावं लागणार नाही.

सेवा प्रकल्पाचं थोडं सांगते. एका दिवसाचा मोठा उपक्रम अहवालात चांगला दिसतो, पण ज्यांच्यासाठी तो केला त्यांच्या हाती फारसं काही लागत नाही. जवळच्या एखाद्या शाळेत किंवा वाचनालयात आधी रिकाम्या हाताने जा आणि तिथल्या माणसांना विचार की त्यांना काय हवंय. त्यांना भिंती रंगवून नकोच असतील कदाचित, मुलांशी परकीय भाषेत बोलायला कुणी हवं असेल. ते तुम्हा पाच जणांना सहज जमेल. महिन्यातून एकदा, त्याच ठिकाणी, त्याच मुलांसोबत. वर्षभर गेलात की तिथल्या मुलांना तुमची नावं माहीत झालेली असतील. परदेशी जायची ऐपत किंवा संधी नसलेल्या एखाद्या मुलाला अर्ज करता येतो हे पहिल्यांदा कळेल, तेही अशाच ठिकाणी.

एका बाबतीत मात्र मी तुला हात जोडून सांगते की ढिलाई करू नकोस. तुझ्या गटात अठराच्या आतली मुलं असणार. त्यांच्याशी संबंध येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाने काही पथ्यं पाळायला हवीत, मग तो कितीही सज्जन असो. अल्पवयीन मुलाशी एकट्याने भेट नाही. दोन मोठी माणसं हवीत किंवा जागा चारचौघांतली हवी. भेटीची वेळ-जागा पालकांना माहीत हवी आणि त्यांची संमती लेखी हवी. रात्री उशिरा खासगी निरोप पाठवणं बंद, फोटो परवानगीशिवाय कुठेही टाकायचा नाही. तुझे ते फोनही पालकांना आधी सांगून, त्यांच्या माहितीतच करायचे. सदस्यांच्या फोन क्रमांकांची यादी तुझ्याकडे येईल, ती कुणी मागितली तरी द्यायची नाही, ज्याचा क्रमांक हवा त्यालाच आधी विचारायचं. या संदर्भातली कार्यक्रमाची लेखी नियमावली पहिल्याच दिवशी मागून घे. एखादा ज्येष्ठ सदस्य म्हणेल, 'आम्ही काय परके आहोत का?' त्याला शांतपणे सांग की नियम सगळ्यांना सारखा आहे आणि तो तुलाही लागू आहे.

पैशाचं फार लिहीत नाही. पदरमोड करू नकोस, अगदी थोडीही. एकदा लीडरने खिशातून दिले की पुढच्याला तेच करावं लागतं, आणि मग ज्याच्या खिशात पैसे आहेत तोच लीडर होतो. जे जमेल ते वर्गणीतून किंवा कार्यालयाच्या निधीतून. हिशेब दोघांनी ठेवायचा आणि खर्च झाला की लगेच पावतीसह सगळ्यांना दाखवायचा.

मावसबहिणीचं. इथे मी थोडी कडक होणार आहे. पद घेशील त्याच दिवशी कार्यालयाला लेखी कळव की माझी जवळची नातेवाईक अर्ज करणार आहे, त्यामुळे या वर्षीच्या निवडीशी संबंधित कुठल्याही कामात मी नसेन. मुलाखतीत नाही, अर्ज वाचण्यात नाही, 'कोण चांगलं वाटतं?' असल्या अनौपचारिक चौकशीतही नाही. तिचा निबंधही तपासू नकोस. घरच्यांना वाईट वाटेल, 'एवढंही करत नाहीस?' असं ऐकावं लागेल. पण तिचाच विचार कर. ती स्वतःच्या गुणांवर निवडली गेली आणि लोक म्हणाले, बहीण लीडर होती म्हणून, तर ते तिला परदेशातल्या त्या वर्षभर टोचत राहील. इच्छुक मुलांसाठी एक खुलं माहितीसत्र ठेव, अर्ज कसा भरायचा, मुलाखतीत घाबरायचं नाही वगैरे. तिथे ती इतरांसारखी येऊन बसू दे. घरी मात्र तू तिला एक गोष्ट देऊ शकतेस, जी निवडीनंतरच कामाची आहे. तुला तिथे कधी रडू आलं होतं ते तिला खरंखरं सांग.

आई म्हणते ते अगदीच चूक नाही. तिने बहुधा तुला अशी कामं अंगावर घेताना आणि मग रात्री जागताना पाहिलं असेल. तिला वाद घालून पटणार नाही. आठवड्यातले किती तास देणार ते आधी ठरव, माझ्या मते दोन-तीन तासांच्या पलीकडे जाऊ नकोस, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षात तर नाहीच. आईला तो आकडा सांग. तू तो पाळतेस हे दिसलं की तिचा विरोध मावळेल. आणि आठवड्याचे तास सारखे हुकायला लागले, तर आई बरोबर होती असं समजून कामातलं काहीतरी कमी कर.

मुदतीचा आग्रह मी का धरते तेही सांगते. युरोपात विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचा इरॅस्मस कार्यक्रम 1987 मध्ये सुरू झाला, आणि त्यातून जाऊन आलेल्या विद्यार्थ्यांनी नव्याने येणाऱ्यांना मदत करायची म्हणून 1989 मध्ये इरॅस्मस स्टुडंट नेटवर्क काढलं. त्याच्या स्थानिक शाखा विद्यार्थीच चालवतात, आणि विद्यार्थी काही कायमचे विद्यार्थी राहत नाहीत. माणसं सतत बदलतात, तरी काम इतकी वर्षं चाललंय, कारण जाणारा येणाऱ्याच्या हाती काम सोपवून जातो. तुझ्या गटात ही सवय नाही, ती तू लावू शकतेस. पहिल्या दिवसापासून एक साधी फाइल ठेव: कुणी काय केलं, कुठली जागा मिळते, कुणाला कशासाठी विचारलं की हो म्हणतात. तो दुसरा माणूस, शक्यतो तुझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान, सगळ्यात सोबत असू दे. वर्ष संपताना तो तयार असेल तर छान. नसेल, आणि कुणीच पुढे होत नसेल, तरी तू थांब. कार्यालयाला तीन महिने आधी सांग आणि फाइल त्यांच्या हवाली कर.

आता या आठवड्यात करायचं ते एवढंच. कार्यालयाला एक छोटी ईमेल लिही. त्यात विचार: मुदत एक वर्षाची लेखी देणार का, दुसऱ्या व्यक्तीची अधिकृत नेमणूक होणार का, आणि अल्पवयीन सदस्यांबाबत काही अडचण आली तर चोवीस तासांत मी कुणाशी बोलायचं, त्या माणसाचं नाव काय. पहिल्या दोन प्रश्नांवर थोडी घासाघीस झाली तर चालेल. तिसऱ्याचं उत्तर 'बघू, सांगतो' असं आलं, तर नाव मिळेपर्यंत होकार देऊ नकोस.

तुझी,
ताई